फोटोंचे रूपांतर आणि ॲनिमेशन आपोआप होण्यासाठी कमांड लाइनचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

ठाण्यात नौपाड्यातील साड्यांच्या दुकानाला दर आठवड्याला नव्या मालाचे काही शे फोटो वेबसाइटसाठी तयार करावे लागतात. ऐरोलीच्या खाडीकाठी एखाद्या गच्चीवर कॅमेरा लावून भरती-ओहोटीबरोबर सरकणारे फ्लेमिंगोंचे थवे टिपणाऱ्या हौशी मंडळींना दर दहा सेकंदांनी घेतलेल्या फोटोंची एक छोटी चित्रफीत हवी असते. दोघांचीही मागणी वरवर पाहता सारखीच आहे: फोटो एका फोल्डरमध्ये टाकावेत आणि हवे ते दुसऱ्या फोल्डरमध्ये आपोआप तयार व्हावे. प्रत्यक्षात या दोन कामांना लागणारी कमांड लाइनची (बटणांऐवजी टंकलेल्या सूचनांनी, म्हणजे कमांडनी, चालणारी) सॉफ्टवेअर वेगळी आहेत, आणि एकाच साधनाकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या आग्रहापायी बहुतेकांचा वेळ वाया जातो. म्हणून या लेखात कामापासून सुरुवात करून साधनापर्यंत जाण्याची रीत सांगितली आहे.

पहिली पायरी: येणारा माल तपासणे

सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी, रोज प्रत्यक्षात कोणत्या प्रकारच्या फाइल येतात ते पाहावे. साड्यांच्या दुकानाचेच उदाहरण घेतले तर आयफोनवर काढलेले फोटो एचईआयसी स्वरूपात येतात, कारण २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनने ते स्वरूप स्वीकारले आहे. विणकराने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो आधीच दाबून लहान झालेले जेपेग असतात. लोगो पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीमध्ये असतो. आणि छापखान्याकडून परत आलेल्या जाहिरातीची फाइल बहुधा सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) रंगांतील जेपेग असते, जी काही ठिकाणी भलत्याच रंगांत दिसते. यांपैकी प्रत्येक प्रकारचे दोन-तीन नमुने निवडावेत, आणि निवडताना मुद्दाम अडचणीचेच घ्यावेत: आडवा धरलेला पण उभा दिसणारा फोटो, अर्धवट कॉपी झालेली फाइल, खूप मोठा फोटो, नावात कंस आणि मोकळ्या जागा असलेली फाइल. पुढची सगळी तुलना या नमुन्यांवर करायची आहे. सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातील लांबलचक यादीपेक्षा हा छोटा फोल्डर अधिक खरे उत्तर देतो.

फाइलच्या पोटात काय आहे हे पाहण्यासाठी इमेजमॅजिकमधील ‘आयडेंटिफाय’, व्हिडिओसाठी एफएफप्रोब आणि फोटोतील एक्झिफ माहितीसाठी (फोटोसोबत साठवलेली कॅमेरा, दिशा, ठिकाण अशी नोंद) एक्झिफटूल ही साधने पुरेशी आहेत. एक्झिफटूल तर प्रत्येकाने ठेवावेच. घरी काढलेल्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात आणि ते वेबसाइटवर जाता कामा नयेत.

दुसरी पायरी: साधनांची ओळख

इमेजमॅजिक हे सर्वांत परिचित नाव. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना त्याचे काम सुरू केले आणि १९९० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. दोनशेहून अधिक स्वरूपे ते ओळखते. कापणे, फिरवणे, एका चित्रावर दुसरे बसवणे, चौकट घालणे, मजकूर लिहिणे असे जवळजवळ सगळे त्यात होते. त्याच्या सातव्या आवृत्तीत मुख्य कमांड ‘मॅजिक’ आहे, तर जुन्या लेखांत आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये (क्रमाने चालवायच्या कमांडच्या फाइलमध्ये) ‘कन्व्हर्ट’ आढळते. विंडोजवर ‘कन्व्हर्ट’ नावाची दुसरीच कमांड आधीपासून असते आणि तिचे काम डिस्कची फाइल व्यवस्था बदलणे हे आहे. म्हणून विंडोजवर नेहमी ‘मॅजिक’च वापरावे. ‘मोग्रिफाय’ ही त्यातील कमांड एका फटक्यात सगळा फोल्डर बदलते, पण स्वरूप बदलायला किंवा निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगितले नाही तर मूळ फाइलवरच लिहिते. ‘पाथ’ पर्यायाने वेगळा फोल्डर दिल्याशिवाय ती चालवू नये, हा नियम मी कोणाच्याही संगणकावर सर्वांत आधी घालून देतो.

इमेजमॅजिकची खरी मर्यादा स्मृतीची (रॅमची) आहे. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बांधणीत (मूळ कोडपासून तयार केलेल्या प्रतीत) प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक चॅनेलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक घटकाला, चार बाइट लागतात. पारदर्शकतेसह चार चॅनेल धरले तर ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा एक फोटो उघडण्यासाठी सुमारे ३८४ मेगाबाइट स्मृती खर्च होते. असे चार फोटो एकाच वेळी चालवले की ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकाची दमछाक होणारच.

या ठिकाणी लिबव्हिप्सची निवड योग्य ठरते. १९९० च्या सुमारास, संग्रहालयांतील चित्रांच्या अतिसूक्ष्म प्रतिमा हाताळण्यासाठीच्या वासारी या युरोपीय प्रकल्पातून ते आले. प्रचंड प्रतिमा मर्यादित स्मृतीत कशा हाताळायच्या हा त्याचा जन्मापासूनचा प्रश्न आहे. ते पूर्ण फोटो स्मृतीत न ओढता, जेवढा भाग लागेल तेवढाच वाचत पुढे सरकते. त्यातील ‘व्हिप्सथंबनेल’ ही कमांड फोटो लहान करण्यासाठीच बनवलेली आहे. ती जेपेग वाचतानाच तो लहान आकारात उघडते आणि एक्झिफमधील दिशेनुसार फोटो सरळही करते. दुकानाच्या कामाचा मोठा हिस्सा ‘मोठा फोटो लहान करणे’ एवढाच असतो, म्हणून माझी पहिली पसंती हिलाच आहे. ॲनिमेशन रचणे किंवा चौकटी-मजकूर बसवणे मात्र इमेजमॅजिककडेच ठेवावे.

ग्राफिक्समॅजिक २००२ मध्ये इमेजमॅजिकपासून वेगळे झाले. कमांड वर्षानुवर्षे न बदलणे हा त्याचा गुण आहे. जुनी यंत्रणा त्यावर नीट चालत असेल तर ती मोडून टाकण्याचे कारण नाही, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवत नाही. मॅकवर ‘सिप्स’ आधीपासूनच असते आणि आयफोनचे फोटो जेपेगमध्ये बदलण्यापुरते ते पुरते. चित्रफितीसाठी एफएफएमपेगला पर्याय शोधण्याची गरज नाही. २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज या क्षेत्राचा पाया आहे. जिफसाठी जिफस्की आणि जिफसिकल, वेबसाइटसाठीच्या नव्या चित्रस्वरूपांपैकी वेबपीसाठी सीवेबपी आणि एव्हीआयएफसाठी एव्हीआयएफएन्क ही एकेका कामाची छोटी साधने आहेत आणि ती गरजेप्रमाणे जोडता येतात.

साधन बसवल्यावर त्याची आवृत्ती विचारणारी कमांड चालवून उत्तर शेवटपर्यंत वाचावे. इमेजमॅजिकच्या उत्तरात ‘डेलिगेट्स’ची (त्याला जोडलेल्या सहायक सॉफ्टवेअरची) एक ओळ असते, तीत ‘हाइक’ (heic) नसेल तर आयफोनचे फोटो उघडणार नाहीत आणि ‘वेबपी’ नसेल तर वेबपी तयार होणार नाही. सॉफ्टवेअर तेच असले तरी बांधणी वेगळी असू शकते. शेजारच्या संगणकावर चालणारी स्क्रिप्ट आपल्याकडे अडते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघते.

तिसरी पायरी: रूपांतराचा क्रम आणि रंग

कोणतेही साधन घेतले तरी क्रियांचा क्रम सांभाळावा लागतो. सर्वांत आधी फोटो एक्झिफनुसार सरळ करावा. त्यानंतर रंगांची प्रोफाइल (फोटोतील रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) वापरून तो एसआरजीबी या वेबसाइटवरील सर्वसाधारण रंगव्यवस्थेत आणावा, मग आकार कमी करावा, गरज असल्यास हलकी धार द्यावी आणि शेवटी एक्झिफ काढून टाकून फाइल लिहावी. एक्झिफ आधी काढले तर दिशा हरवते. प्रोफाइल आधी काढली तर आयफोनचे फोटो फिके पडतात आणि सीएमवायके फोटोंचे रंग बिघडतात. पारदर्शक पीएनजीचे जेपेग करताना मागे पांढरा रंग भरून चित्र सपाट करण्याची सूचना द्यावी, अन्यथा लोगोभोवती काळा चौकोन येण्याची शक्यता असते.

आकार देताना ‘१६०० गुणिले १६००’ या मापानंतर ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह (>) जोडावे. त्याचा अर्थ, फोटो या मापापेक्षा मोठा असेल तरच लहान करावा. व्हॉट्सॲपवरून आलेले लहान फोटो ताणून धूसर होण्याचे त्यामुळे टळते. मात्र कमांड लाइनवर हेच चिन्ह ‘निकाल फाइलमध्ये लिहा’ या अर्थाने वापरले जाते, म्हणून पूर्ण माप अवतरणचिन्हांत लिहिणे अत्यावश्यक आहे. अवतरण विसरले की अनेकदा चूक दाखवली जात नाही. एक विचित्र नावाची फाइल तयार होते आणि मर्यादा मात्र लागू होत नाही.

आता रंगांचा एक मुद्दा, ज्यासाठी साड्यांचे उदाहरण मुद्दाम घेतले. जेपेगमध्ये उजळपणाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती बहुधा दोन्ही दिशांना निम्मी केली जाते, आणि साध्या फोटोत ते डोळ्यांना कळत नाही. पैठणीच्या काठावर मात्र गर्द लाल रंगाला लागून हिरवी नक्षी असते, तीत जरीच्या बारीक रेषा असतात, आणि तेथे रंग एकमेकांत मिसळून काठ मळकट दिसू लागतो. जेपेगमध्ये रंगाची माहिती न घटवण्याची सूचना देता येते. वेबपीच्या दाबलेल्या प्रकारात ती सोय नाही, कारण त्याची रचनाच रंग निम्मे करण्याची आहे. सीवेबपीमधील ‘शार्प वाययूव्ही’ हा पर्याय नुकसान बरेच कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. एव्हीआयएफमध्ये रंगाची पूर्ण माहिती ठेवता येते. त्यामुळे काठ-पदराच्या जवळून घेतलेल्या फोटोंसाठी पूर्ण रंगांचे जेपेग किंवा एव्हीआयएफ, आणि यादीतील लहान फोटोंसाठी वेबपी, अशी विभागणी मी सुचवतो. गुणवत्तेचा आकडा एका स्वरूपातून दुसऱ्यात तसाच नेऊ नये. जेपेगचे ८० आणि वेबपीचे ८० यांचा परस्परांशी संबंध नाही. प्रत्येक स्वरूपासाठी आपल्या नमुन्यांवर तीन-चार आकडे चालवून, पूर्ण आकारात शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनीच निवड करावी.

चौथी पायरी: ॲनिमेशन

पहिला निर्णय जिफ हवेच का, हा असतो. जिफ १९८७ मधील स्वरूप आहे. त्यात एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात आणि फ्रेममधील अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागांतच मोजले जाते. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा वेग जिफमध्ये नेमका देताच येत नाही. अंतर ४ घेतले तर २५ फ्रेम होतात आणि ५ घेतले तर २०. अंतर १ किंवा ० दिले तर ब्राउझर ते न जुमानता कितीतरी हळू दाखवतात. वेबसाइटवर आणि व्हॉट्सॲपवर चालवण्यासाठी आवाज नसलेली एमपी४ फाइल जवळजवळ नेहमीच लहान आणि सुबक असते. जिथे व्हिडिओ चालतच नाही, उदाहरणार्थ बऱ्याचशा ईमेलमध्ये, तिथेच जिफ करावे.

खाडीकाठचा हिशेब पाहू. चार तास दर दहा सेकंदांनी फोटो घेतला की १४४० फोटो होतात, आणि सेकंदाला २४ या वेगाने त्यांची बरोबर एक मिनिटाची चित्रफीत बनते. हेच फोटो १९२० गुणिले १०८० आकारात इमेजमॅजिकला एकत्र दिले तर ते सगळ्या फ्रेम एकदम उघडते. वरच्याच हिशेबाने एका फ्रेमला सुमारे ३३ मेगाबाइट, म्हणजे एकूण जवळपास ४८ जीबी. उरलेले काम ते डिस्कवर करू लागते आणि संगणक थिजल्यासारखा होतो. दहा-वीस फ्रेमच्या जाहिरातीच्या जिफसाठी इमेजमॅजिक उत्तम आहे. शेकडो फ्रेमसाठी ते चुकीचे साधन आहे. येथे आधी व्हिप्सथंबनेलने फोटो लहान करून घ्यावेत आणि मग एफएफएमपेगकडे सोपवावेत, जे फ्रेम एकामागून एक वाचते.

एफएफएमपेगला फोटोंची मालिका देताना फाइलची नावे क्रमांकाने आणि आधी शून्ये भरून ठेवावीत. तसे न केल्यास फोल्डरच्या क्रमात १ नंतर १०, १०० येतात आणि २ फार मागे पडतो. नावाच्या साच्यात टक्केचिन्ह वापरावे लागते. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये ते दोनदा लिहावे लागते, थेट कमांड लाइनवर मात्र एकदाच. फ्रेमचा वेग सांगणारा ‘फ्रेमरेट’ पर्याय फाइलच्या नावाआधी द्यावा. तो दिला नाही तर सेकंदाला २५ हा वेग गृहीत धरला जातो. नंतर वेगळा वेग सांगितला तरी चित्रफितीची लांबी बदलत नाही, फ्रेम फक्त गाळल्या किंवा दुप्पट केल्या जातात. पिक्सेलचे स्वरूप ‘वाययूव्ही ४२०पी’ ठेवावे, रुंदी आणि उंची सम संख्येत असावी, आणि ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय जोडावा म्हणजे फाइल पूर्ण उतरण्याआधी चालू होते. पहिल्या अटीकडे दुर्लक्ष झाले तर संगणकावर छान चालणारी चित्रफीत काही फोनवर काळी दिसते. दुसरीकडे झाले तर ती बनतच नाही. गुणवत्तेसाठी ‘सीआरएफ’चा आकडा असतो: मूळ २३, आकडा कमी केला की चित्र सुधारते आणि फाइल वाढते. ढगांमुळे प्रकाश कमी-जास्त होऊन चित्रफीत लुकलुकते, त्यावर ‘डिफ्लिकर’ हे फिल्टर उपयोगी पडते.

जिफच करायचे असेल तर एफएफएमपेगमध्ये ‘पॅलेटजेन’ने आधी त्या चित्रफितीपुरते २५६ रंग निवडून घ्यावेत आणि ‘पॅलेटयूज’ने ते वापरावेत, ही जोडी टाळली तर रंगांचे पट्टे दिसतात. फोटोसारख्या चित्रांसाठी जिफस्कीचा निकाल मला अधिक आवडतो. त्यानंतर जिफसिकलने फाइल आणखी कमी करता येते.

पाचवी पायरी: चित्रावर मराठी मजकूर

ही चाचणी परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही आणि आपल्याला मात्र रोज लागते. ‘किंमत’, ‘विक्री’ आणि ‘गर्द’ हे तीन शब्द चित्रावर लिहून पाहावेत. ‘कि’मधील वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, ‘क्री’ फुटून हलन्त क आणि री वेगळे दिसले किंवा ‘र्द’मधील रफार डोक्यावर न चढता वेगळा र उरला, तर त्या बांधणीत देवनागरीची जुळणी करणारे हार्फबझ हे सहायक सॉफ्टवेअर वापरले जात नाही असे समजावे. इमेजमॅजिकमध्ये डेलिगेट्सच्या ओळीत ‘राक्म’ किंवा ‘पँगोकैरो’ (हार्फबझ वापरणारी सॉफ्टवेअर) आहे का ते पाहावे. पँगो असेल तर मजकूर ‘पँगो’ या पद्धतीने लिहिल्यास जोडाक्षरे व्यवस्थित येतात. चित्रफितीत मजकूर टाकायचा असेल तर तो उपशीर्षकांच्या फाइलमध्ये लिहून एफएफएमपेगच्या ‘सबटायटल्स’ फिल्टरने उमटवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. टंक नावाने न सांगता मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीची फाइल यंत्रावर ठेवून शक्य तिथे तिचाच मार्ग द्यावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर अक्षरांऐवजी चौकोन येणार नाहीत.

सहावी पायरी: माणसाविना चालवणे

आवक, तयार आणि अडलेले असे तीन फोल्डर ठेवावेत. मूळ फाइलला कोणत्याही कमांडने हात लावू नये. निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहून, काम यशस्वी झाले तरच खऱ्या नावाने हलवावा. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तरी ‘तयार’ फोल्डरमध्ये अर्धवट फाइल राहत नाही, आणि वीज आल्यावर स्क्रिप्टने केवळ ज्यांचा निकाल नाही तेच फोटो पुन्हा घ्यावेत. कॉपी होत असलेली फाइल उचलली जाऊ नये म्हणून तिचा आकार काही सेकंद स्थिर आहे ना हे तपासावे. अर्धवट जेपेगचा खालचा भाग करडा करून इमेजमॅजिक केवळ इशारा देते आणि पुढे जाते. ‘रिगार्ड वॉर्निंग्ज’ हा पर्याय लावल्यास तो इशारा चूक म्हणून मोजला जातो आणि फाइल ‘अडलेले’मध्ये पाठवता येते.

एफएफएमपेग स्क्रिप्टमधून चालवताना ‘नो एसटीडीइन’ हा पर्याय विसरू नये. ते कीबोर्डकडून सूचना येतील म्हणून वाट पाहते, आणि फाइलच्या नावांची यादी एकेक करून वाचणाऱ्या लूपमध्ये ती यादीच गिळून टाकते. मग पहिल्या चित्रफितीनंतर काम थांबते किंवा पुढची नावे अर्धी तुटून येतात. जुनी फाइल असल्यास पुसायची की सोडायची हेही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर मध्यरात्री ते उत्तराची वाट पाहत बसते. क्रॉनमधून (लिनक्स-मॅकवरील, ठरावीक वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) चालवताना प्रत्येक साधनाचा पूर्ण मार्ग लिहावा, कारण क्रॉनला आपल्या टर्मिनलसारखे सगळे मार्ग ठाऊक नसतात. अनेक फोटो एकाच वेळी चालवायचे असतील तर इमेजमॅजिकला प्रत्येकी एकच धागा (थ्रेड) वापरायला सांगावे, म्हणजे ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

अनोळखी लोक फोटो चढवत असतील तर सुरक्षेचा वेगळा विचार करावा. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये ‘इमेजट्रॅजिक’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी सापडली होती, जिच्यामुळे खास रचलेल्या चित्राद्वारे सर्व्हरवर परक्या कमांड चालवता येत होत्या. त्रुटी दुरुस्त झाली आहे, तरी धडा लागू आहे: इमेजमॅजिकच्या ‘पॉलिसी’ फाइलमध्ये फक्त लागणारी स्वरूपे चालू ठेवावीत, स्मृती आणि वेळेची मर्यादा घालावी, आणि फाइलचे स्वरूप तिच्या नावावरून नव्हे, आतल्या मजकुरावरून ठरवावे.

परवान्याविषयी

दुकानाने किंवा पक्षीनिरीक्षकांनी ही साधने आपल्या कामासाठी वापरण्यात काहीच अडचण नाही. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये बसून ग्राहकाला विकायच्या उत्पादनात ती जोडणाऱ्यांनी मात्र आधी परवाना वाचावा. इमेजमॅजिकचा परवाना मोकळा आहे. लिबव्हिप्स एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली येते. एफएफएमपेग मूलतः एलजीपीएलखाली आहे, पण एक्स२६४ (चित्रफीत दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर) जोडून बांधलेली प्रत जीपीएल या अधिक कडक परवान्याखाली जाते. जिफस्की एजीपीएलखाली आहे आणि त्यात बदल करून इंटरनेटवरून सेवा दिली तरी बदललेला मूळ कोड उपलब्ध करून देण्याची अट लागू होते. साधन निवडले की त्याची आवृत्ती, ती कोठून घेतली आणि कोणत्या पर्यायांनी बांधली याची नोंद स्क्रिप्टच्या शेजारीच एका फाइलमध्ये ठेवावी, कारण वर्षभराने तीच स्क्रिप्ट नव्या संगणकावर उभी करताना आणि परवान्याची विचारणा झाल्यावरही हीच माहिती हवी असते.